कंपनीचं कार्ड गेलं, घरची पॉलिसी आली: चार महिन्यांचा अनुभव

वाळूजच्या एका ऑटो पार्ट कंपनीत मी सोळा वर्षं टाइम ऑफिसला होते. हजेरी, ओव्हरटाइम, गेटपास आणि दुसरं कुणी घेईना म्हणून माझ्या गळ्यात पडलेलं मेडिक्लेमचं टेबल. कुणाची बायको बाळंत झाली, कुणाच्या वडिलांना अ‍ॅटॅक आला, की फाईल माझ्याकडे. टीपीएशी, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेम तपासणाऱ्या संस्थेशी, फोनवर भांडायचं मी, आणि कपात झाली की शिव्या खायच्या त्याही मी. म्हणून स्वतःच्या घरासाठी पॉलिसी घ्यायची वेळ आली तेव्हा वाटलं, आठवड्यात उरकू. दोन महिने लागले.

डिसेंबरअखेर नोकरी सोडली. का सोडली ते इथं लिहीत नाही, त्याचा विम्याशी संबंध नाही. आता बजाजनगरात घरूनच छोट्या वर्कशॉपवाल्यांची पीएफ-ईएसआयसीची कामं करते. घरात मी ४७, आमचे हे ५१, मुलगा १९. सासूबाई ७३, सेलूजवळ गावी असतात. ह्यांचा स्वतःचा टेम्पो, वाळूज-शेंद्रा फेऱ्या. म्हणजे सगळं घर माझ्या एका कार्डावर. तीन लाखांचं कव्हर, माझ्या पगारातून महिन्याला ४१२ रुपये जायचे, बाकी कंपनी भरायची.

ग्रुप मेडिक्लेमचं सुख पैशात नसतं, ते न विचारण्यात असतं. मी स्वतः ती एक्सेल शीट भरायचे: नाव, जन्मतारीख, नातं, बस्स. बीपी आहे का, शुगर आहे का, मागे काही ऑपरेशन झालंय का, यासाठी रकानाच नव्हता. आमच्या पॉलिसीत जुना आजारसुद्धा पहिल्या दिवसापासून चालायचा. आणि ज्या दिवशी माणूस रिलीव्ह होतो, त्या दिवशी त्याचं नाव यादीतून निघतं. कित्येकांची नावं मीच काढलीत. त्यातल्या एकालाही जाताना सांगितलं नाही, की बाबा, बाहेर पडायच्या आधी अमुक एक अर्ज देऊन जा. मला स्वतःलाच तो अर्ज तेव्हा नीट माहीत नव्हता. आता त्याची लाज वाटते.

नोटीस दिल्यावर पहिलं काम केलं ते सासूबाईंच्या डोळ्याचं. एका डोळ्याचा मोतीबिंदू दोन वर्षांपूर्वी काढला होता, दुसरा "बघू दिवाळीनंतर" करत राहिला होता. नव्या पॉलिसीत मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध, मुतखडा, गुडघ्याचा सांधा असल्या यादीला बहुधा दोन वर्षं थांबावं लागतं. म्हणून डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांना परभणीला नेलं आणि जुन्या कार्डावरच उरकून घेतलं. काळा चष्मा लावून पडल्यापडल्या त्यांनी विचारलं, "कामून गं, आता हे कार्ड चालत न्हाई का? नौकरी तू सोडली, माझा डोळा थोडीच सोडला." काय उत्तर देणार.

(बाई कर्मचारी असेल तर फॉर्मवर आईवडील किंवा सासूसासरे, दोन्हींतून एकावरच खूण करता यायची. मी सासरवर केली होती. आईला हे अजून माहीत नाही.)

सासूबाईंना घरच्या पॉलिसीत घेतलं नाही. आता वयाची ६५ची आडकाठी राहिलेली नाही, २०२४च्या नियमांनी ती काढली, पण एका माणसाचा हप्ता आम्हा तिघांच्या बेरजेजवळ जात होता. वयाची सत्तरी ओलांडलेल्या सगळ्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान कार्ड मिळतं, वर्षाला पाच लाखांपर्यंत, उत्पन्न कितीही असो. आधार आणि अंगठा घेऊन सेलूच्या केंद्रावर गेले. सासूबाईंचा अंगठा काही केल्या उठेना, शेतात झिजलेला. शेवटी मोबाइलवर ओटीपी घेऊन झालं. त्यांचा प्रश्न तेवढ्यापुरता सुटला.

ह्यांचं म्हणणं, मग आपल्याला तरी कशाला पॉलिसी? फुले योजना आहेच. खरं आहे, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता पांढऱ्या रेशनकार्डालासुद्धा लागू केली आहे आणि रक्कमही दीड लाखावरून पाच लाख झाली. आपल्या मराठवाड्यात तिच्यावर माणसं जगलीत, मी डोळ्यांनी पाहिलंय. पण ती ठरलेल्या उपचारांची यादी आहे आणि ठरलेली हॉस्पिटलं. तुमचं दुखणं यादीत बसलं पाहिजे आणि त्या हॉस्पिटलात त्या विभागाची खाट मोकळी पाहिजे. मी तिला दुसरी भिंत म्हणते. पहिली भिंत आपली आपण बांधायची. ह्यांना हे पटलं नाही, पण हप्ता मी भरणार होते म्हणून गप्प बसले.

मग बघायला सुरुवात केली. सगळ्यात आधी आरोग्य संजीवनी, कारण ती वाचून कळते. २०२० साली विमा नियामकाने सगळ्या कंपन्यांना एकाच मजकुराची ही पॉलिसी विकायला लावली. कुठूनही घ्या, आतला कागद तोच, फक्त हप्ता वेगळा. खोलीभाडं विमा रकमेच्या २ टक्के, जास्तीत जास्त ५ हजार रुपये रोज. आयसीयू ५ टक्के, जास्तीत जास्त १० हजार. प्रत्येक क्लेममध्ये ५ टक्के आपले. मोतीबिंदूला एका डोळ्याचे ४० हजार किंवा विमा रकमेचा पाव हिस्सा, जो कमी असेल तो. साधी, खरखरीत, पण लपवाछपवी नाही. मंठ्याच्या जाऊबाईंना मी तीच घ्यायला लावली, त्यांचं वय कमी आणि घरात कुणाला गोळी चालू नाही. आमच्या घरात गोळी चालू होती, म्हणून मला अजून शोधावं लागलं.

बँकेतून एक मुलगा घरी आला. शर्ट इस्त्रीचा, हातात टॅब, बोलणं गोड. त्याच्या प्लॅनमध्ये सगळं अमर्याद होतं: रक्कम संपली की पुन्हा भरते, कितीही वेळा. खोली कुठलीही. वर्षाला एक फुकट तपासणी. चालायला गेलं की हप्त्यात सूट. छापील कोटेशन पुढे केलं: ३१,४०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ५,६५२. मी म्हटलं, वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झालाय ना? तो म्हणाला, "हो हो मॅडम, ते छापील जुनं आहे." जुना कागद घेऊन आलेल्या माणसाला मी चहा दिला, पण मनात त्याच्या नावापुढे फुली मारली.

खरी गंमत पुढे. फॉर्म भरताना जुन्या आजारांचा रकाना आला. ह्यांना चार वर्षांपासून बीपीची गोळी चालू आहे, टेल्मिसार्टन ४०, रोज सकाळी चहाआधी. पट्टी तिथंच टेबलावर, मिठाच्या बरणीला टेकलेली. त्या मुलाने ती पाहिली, हळूच बाजूला सरकवली आणि म्हणाला, "मॅडम, बीपी लिहू नका. उगाच लोडिंग लागतं, हप्ता वाढतो. पाच वर्षं झाली की कंपनी काही विचारूच शकत नाही."

पाच वर्षांचं तो खोटं बोलत नव्हता. सलग ६० महिने झाले की लपवलं-विसरलं म्हणून क्लेम नाकारता येत नाही, आधी ही मुदत आठ वर्षं होती. पण त्यालाही फसवणुकीचा अपवाद आहे, आणि गोळीची पट्टी समोर ठेवून "नाही" लिहिणं याला दुसरा शब्द काय? शिवाय मधली पाच वर्षं कुणी आजारी पडायचंच नाही का? टाइम ऑफिसात माझ्याकडे अशा दोन फाईली आल्या होत्या, नोकरी सोडून गेलेल्यांच्या. जुन्या ओळखीने "ताई, बघा ना काही होतंय का" म्हणत आलेल्या. हॉस्पिटलचा केसपेपर उघडला की पहिल्याच ओळीत डॉक्टरने लिहिलेलं असतं: 'बीपीचा पेशंट, इतक्या वर्षांपासून.' आपण अ‍ॅडमिट होताना डॉक्टरला खरं सांगतोच की. कंपनी तेवढीच ओळ शोधते. मी पट्टी परत जागेवर ठेवली आणि त्या मुलाला विचारलं, "क्लेम अडकला तर तुम्ही येणार का हॉस्पिटलात?" तो हसला. बँक बदलली की हे लोक फोनही उचलत नाहीत, त्याचा काय दोष.

त्याच्या प्लॅनमध्ये आणखी एक काटा होता, पान ३१ वर. हप्ता शहराप्रमाणे. आपलं संभाजीनगर खालच्या झोनमध्ये, म्हणून हप्ता कमी. पण खालच्या झोनचा हप्ता भरून वरच्या झोनमधल्या, म्हणजे मुंबई-पुण्याच्या हॉस्पिटलात गेलात तर बिलातले २० टक्के तुमचे. वाचायला काही वाटत नाही. पण मराठवाड्यातला माणूस मोठ्या दुखण्याला जातो कुठं? आम्ही पुण्याला, नांदेडवाले हैदराबादला, लातूरवाले सोलापूरला. साध्या तापाला पूर्ण पैसे आणि घर हलवणाऱ्या दुखण्याला पाचवा हिस्सा आपला, हे गणित उलटं आहे. तुमच्या कागदावर 'झोन' शब्द शोधा. शोधाच.

आणि खोलीभाडं. हे मी घसा कोरडा करून वेल्डशॉपला समजवायचे, तरी दरवेळी कुणीतरी फसायचंच. आमच्या ग्रुपमध्ये तीन लाखांचा १ टक्का, म्हणजे रोजचे ३ हजार. एकाने ४,५०० ची एसी खोली घेतली. त्याला वाटलं, वरचे दीड हजार रोज आपण देऊ. बिल झालं १ लाख २० हजार. त्यातली औषधं, तपासण्या, इम्प्लांट मिळून ३० हजार, त्याला हात लागला नाही. उरलेल्या ९० हजारांत खोलीसोबत सर्जनची फी, भूल, ऑपरेशन थिएटर, सगळंच ३ हजारास साडेचार हजार या प्रमाणात कापलं. त्यातले मंजूर ६० हजार. तीस हजार खिशातून, खोलीचा फरक मात्र चार दिवसांचा सहा हजार. तो माझ्या टेबलासमोर उभा राहून म्हणाला, "ताई, डॉक्टरने काय एसीत जास्त टाके घातले का?" त्या दिवशी ठरवलं होतं, स्वतःची घेईन तेव्हा खोलीची मर्यादा नसलेली घेईन, नाहीतर घेणारच नाही.

शेवटी घेतली ती आमच्याच ग्रुपवाल्या विमा कंपनीची घरगुती पॉलिसी. तिघांची फ्लोटर, म्हणजे तिघांत मिळून एकच रक्कम, १० लाख, सिंगल खोलीपर्यंत भाड्याला मर्यादा नाही, झोनची भानगड नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की लोक नाव बघून घेतात, कागद बघत नाहीत, हे सोळा वर्षं पाहिलंय. तिचं अ‍ॅप रडकं आहे. चालायला गेलं तर सूट वगैरे काही नाही. तरी तीच का, तर मायग्रेशन.

ग्रुपमधून बाहेर पडणाऱ्या माणसाला आणि त्याच्या घरच्यांना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक किंवा फ्लोटर पॉलिसीत जायचा हक्क आहे. आणि ग्रुपमध्ये काढलेली वर्षं थांबायच्या काळातून वजा होतात. जुन्या आजाराला आता जास्तीत जास्त तीन वर्षंच थांबवता येतं, १ एप्रिल २०२४ पासून, आधी चार होती. आमच्या कंपनीने मधल्या काळात विमा कंपन्या बदलल्या होत्या, पण ही २०१९ पासूनची. म्हणजे ह्यांचं बीपी, मुतखड्या-हर्नियाची दोन वर्षं, सुरुवातीचे ३० दिवस, सगळं आधीच सोसून झालेलं. पाच वर्षांचा हिशोबसुद्धा पुढे चालतो. पण, आणि हा 'पण' कुणी मोठ्याने सांगत नाही, हे सगळं जुन्या रकमेपुरतं. माझ्या तीन लाखांना वय आहे, वरचे सात लाख आत्ता जन्मलेत. त्यांना सगळं पहिल्यापासून.

कंपनी तपासणी करू शकते, लोडिंग लावू शकते, तो त्यांचा हक्क. म्हणून शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. मी २ डिसेंबरला अर्ज दिला. शहरातल्या शाखेत काउंटरवरचे साहेब म्हणाले, "असं काही नसतं हो, नवीन काढा, सोपं पडेल." नवीन काढलं तर त्यांना नवीन धंदा दिसतो, मला शून्यापासून थांबावं लागतं. नियमाचा कागद पिशवीतच होता, तो पुढे केला. त्यांनी चष्मा वर करून वाचला, आत गेले, दहा मिनिटांनी येऊन म्हणाले, "फॉर्म मेलवर पाठवतो." सोबत लावलं ते आमच्या एचआरच्या सहीचं पत्र, कोणाचं नाव कुठल्या तारखेपासून यादीत आहे याचं, आणि प्रत्येक वर्षाचं ई-कार्ड. माझ्याकडे फाईल होती म्हणून जमलं. तुम्ही नोकरीत असाल तर आजच ती ई-कार्डं स्वतःच्या मेलवर पाठवून ठेवा. रिलीव्ह झाल्यावर ऑफिसचा मेल बंद होतो आणि माझ्यासारखी बाई दरवेळी टेबलावर भेटेलच असं नाही.

मग डॉक्टरचा फोन. हे टेलिफोनवरचं मेडिकल, रेकॉर्ड होतं. फोन ह्यांच्या नंबरवर, आणि हे टेम्पोत, चिकलठाण्याच्या अलीकडे सिग्नलला. सुदैवाने मी शेजारी होते. पलीकडून हिंदीत प्रश्न: कुछ बीमारी? हे म्हणाले, "नहीं नहीं, सब बढिया." दवाई चालू है? "कुछ नहीं." आपल्याकडच्या पुरुषाला दवाखान्याच्या फोनवर 'बढिया' म्हणायची सवयच आहे, जशी पाहुण्यांना 'जेवून आलो' म्हणायची. मी फोन ओढून घेतला: "मॅडम, बीपी की गोली है, चार साल से, रोज. लिख लीजिए." पलीकडची डॉक्टरीण हसली आणि म्हणाली, पहले क्यूं नहीं बताया. मागचा रिक्षावाला हॉर्न मारत होता. नंतर लॅबवाला घरी येऊन रक्त घेऊन गेला. ३१ हजारांच्या आसपासचा हप्ता लोडिंग लागून ३४,५५० झाला. जास्तीचे तीन हजार मला अजिबात जड वाटले नाहीत. ह्यांना वाटले.

पॉलिसी १ जानेवारीपासून लागू झाली, मध्ये एकही दिवस रिकामा गेला नाही. पीडीएफ आली त्या रात्री चहा घेऊन वाचायला बसले. नावं बरोबर, जन्मतारखा बरोबर, बीपी लिहिलेलं. आणि 'पहिल्यांदा विमा सुरू झाल्याची तारीख' या रकान्यात तिघांपुढे छापलेलं: ०१/०१/२०२६.

म्हणजे महिनाभर ज्यासाठी धावले तेच गायब. हप्ता मायग्रेशनचा, अर्ज मायग्रेशनचा, आणि कागदावर मी नवी नवरी.

कस्टमर केअरची मुलगी म्हणाली, "सिस्टीममध्ये दिसतंय मॅडम, काळजी करू नका." सिस्टीममध्ये दिसतं ते हॉस्पिटलच्या डेस्कला दिसत नाही. पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवस परत करायची मुभा असते, तेवढ्यात दुरुस्ती व्हावी म्हणून मेल टाकला. उत्तर नाही. दुसरा टाकला. उत्तर आलं, 'आपली विनंती आमच्यासाठी महत्त्वाची आहे.' तिसरा मेल तक्रार अधिकाऱ्याला, त्यात लिहिलं की पुढची पायरी विमा नियामकाचं तक्रारींचं बीमा भरोसा पोर्टल आणि मग पुण्याचं विमा लोकपाल कार्यालय. लोकपालाकडे जायला वकील लागत नाही, फी लागत नाही, हे त्यांनाही माहीत असतं. एकोणिसाव्या दिवशी एका पानाची एंडॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीला जोडायची दुरुस्ती, आली: तीन लाखांपुरती तारीख ०१/०४/२०१९. ते पान मी प्रिंट करून कपाटात ठेवलं, एक ह्यांच्या टेम्पोच्या डॅशबोर्डात, एक पर्समध्ये, एक मोबाइलमध्ये. मुलगा म्हणाला, "आई, देव्हाऱ्यात पण ठेव एक."

एप्रिलमध्ये रात्री दोन वाजता हे कंबर धरून उठले. एप्रिलचं ऊन, दिवसभर टेम्पो, पाणी पिणार अर्धी बाटली, आणि बोअरचं पाणी असं की कुकरला आतून पांढरा थर बसतो. शहरातल्या एका हॉस्पिटलात सोनोग्राफी, मग सीटी. मूत्रनळीत ९ मिलिमीटरचा खडा. दुर्बिणीने काढावा लागेल म्हणाले.

सकाळी १०.४० ला कॅशलेसची विनंती गेली. पहिलं उत्तर एका तासात द्यायचा नियम आहे, तो त्यांनी पाळला. ११.३५ ला उत्तर आलं: मुतखडा २४ महिन्यांच्या वेटिंगमध्ये, पॉलिसी १ जानेवारी २०२६ ची, कॅशलेस नामंजूर. डेस्कवरची मुलगी बिचारी म्हणाली, "काकू, डिपॉझिट भरून टाका, नंतर रिइम्बर्समेंट करा." आत हे कण्हत होते. खरं सांगते, क्षणभर एटीएम कार्ड काढलं होतं. मग पर्समधून ते पान काढलं. तिला म्हटलं, हे स्कॅन कर आणि उत्तरात फक्त एक ओळ लिही: सोबतची एंडॉर्समेंट पाहा, दाव्याची रक्कम तीन लाखांच्या आत आहे. २.१५ ला ५० हजारांची पहिली मंजुरी आली. संध्याकाळी ऑपरेशन झालं, आत स्टेंट, म्हणजे बारीक नळी, ठेवला.

दुसऱ्या दिवशी अंतिम बिल ८४,६००. दुपारी बाराला पाठवलं, मंजुरी आली ४.२० ला. डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत यायला पाहिजे, आणि उशिरामुळे हॉस्पिटलने जास्तीचं काही लावलं तर ते विमा कंपनीने सोसायचं असतं. बिलिंगवाले अर्ध्या दिवसाची खोली वाढवायला निघाले होते, हे वाक्य ऐकवल्यावर राहू द्या म्हणाले. कपात ३,१४० रुपये: फाईल चार्ज, हातमोजे, माझा दोन वेळचा नाश्ता. नाश्त्याचे पोहे थंड होते, त्याचं दुःख जास्त. बाकी ८१,४६० त्यांनी भरले.

गुण द्यायचे तर पॉलिसीला पाचपैकी चार. ती विकणाऱ्या-सांभाळणाऱ्या व्यवस्थेला दोन, कारण एंडॉर्समेंट होऊनही क्लेमवाल्यांच्या स्क्रीनवर जुनीच तारीख होती. माझ्याजागी वेल्डशॉपचा तो गडी असता तर त्याने डिपॉझिट भरलं असतं, आणि नंतर आपलंच नशीब म्हणून गप्प बसला असता. या कंपनीत मी किती दिवस राहीन सांगता येत नाही. दुसरीकडे पोर्ट करायचं तर नूतनीकरणाच्या निदान ४५ दिवस आधी अर्ज द्यावा लागतो, म्हणून १० नोव्हेंबरवर कॅलेंडरमध्ये लाल गोल केलाय.

ज्यांच्या घरात कुणालाच काही नाही, वय तिशीत आहे, त्यांनी एवढा खटाटोप करायची गरज नाही. खोली आणि झोन बघा आणि चांगली वाटेल ती नवी घ्या. गोळी चालू असेल, चाळिशी उलटली असेल, ग्रुपमध्ये बरीच वर्षं गेली असतील, तर राजीनाम्याच्या पत्राबरोबरच मायग्रेशनचा अर्ज लिहायला घ्या. काही जण स्वस्तात पडतं म्हणून पाच लाखांची छोटी पॉलिसी आणि वर दुसऱ्या कंपनीचा सुपर टॉप-अप, म्हणजे ठरावीक रकमेच्या पुढचं बिल भरणारा विमा, घेतात. हिशोबाने ते बरोबर आहे. पण एका दुखण्याला दोन टीपीए, दोन फाईली, दोन ठिकाणची भांडणं, हे मी नोकरीत पुष्कळ केलंय, घरी नको.

अ‍ॅडमिट व्हायच्या आधीच्या सीटीचे आणि नंतर स्टेंट काढल्याचे पैसे रिइम्बर्समेंटमध्ये टाकलेत, आधीचे ३० दिवस आणि नंतरचे ६० दिवस यात बसतात म्हणून. फाईल जाऊन नऊ दिवस झाले. क्वेरी आली नाही, पैसेही आले नाहीत. टेम्पोत आता दोन लिटरची बाटली असते. संध्याकाळी हे घरात शिरले की मी आधी ती हलवून बघते. काल निम्मी तशीच होती.